पहिल्या क्रमांकाचा संघ खरोखर किती बलवान असतो?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यत धावला. त्याची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्णपदक मिळवणारा केनियाचा धावपटू त्याच्यापुढे फक्त ०.०५ सेकंद होता. २०२४ साली पॅरिसमध्ये साबळेने हेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत कापले. पहिल्या शर्यतीत तो दुसरा आला होता. पण त्याचा क्रमांक विसरलो तरी तो किती वेगाने धावला हे आपल्याला ठाऊक राहते. सेकंद बर्मिंगहॅममध्ये तेवढाच असतो आणि पॅरिसमध्येही तेवढाच.

कबड्डीच्या संघाचे तसे नाही. संघाचे बळ मोजणारे घड्याळ नसते. हा संघ त्या संघाशी खेळला, हा जिंकला, तो हरला, एवढेच आपल्याला दिसते. अशा अनेक निकालांतून गुणतक्ता तयार होतो आणि त्यात जो वर असेल तो बलवान, असे आपण म्हणतो. मग वर्तमानपत्रात त्या संघाची बलस्थाने सांगितली जातात. खाली गेलेल्या संघाच्या उणिवा सांगितल्या जातात. पहिल्या संघालाही उणिवा असतील आणि त्या विजयाखाली झाकल्या गेल्या असतील, हा विचार सहसा कोणी करत नाही.

गुणतक्त्यातला पहिला क्रमांक बळाचा किती आणि योगायोगाचा किती, हे वेगळे काढता येते का? पूर्णपणे येत नाही. पण बऱ्याच अंशी येते, आणि त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या गणिताच्या फारसे पुढचे नाही.

नाण्यांची जिल्हा स्पर्धा

सुरुवात एका प्रयोगाने करू या. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत : बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई. वर्गातल्या अकरा मुलांना एकेका तालुक्याच्या नावाची चिठ्ठी द्या. आता प्रत्येक तालुक्याचा प्रत्येकाशी एक सामना. एकूण सामने किती होतील, हे मुलांनाच काढू द्या. उत्तर आहे ५५. प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला दहा सामने येतात.

सामना खेळायचा तो नाणे उडवून. ज्याचे नाव यादीत आधी, त्याचा छापा, दुसऱ्याचा काटा. अर्ध्या तासात स्पर्धा संपते. फळ्यावर गुणतक्ता मांडा.

या स्पर्धेत कोणालाही काही येत नाही. सराव नाही, प्रशिक्षक नाही, डावपेच नाहीत. सगळे संघ अगदी सारखे आहेत. म्हणून प्रत्येकाला पाच विजय मिळतील, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. दहा नाणेफेकींत चार ते सहा विजय मिळण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के असते. म्हणजे अकरांपैकी तीन-चार तालुके या पट्ट्याच्या बाहेर पडणारच. कोणाला तरी सात किंवा त्याहून अधिक विजय मिळणे हे दहांपैकी जवळजवळ नऊ स्पर्धांत घडते. आठ किंवा अधिक विजय मिळवणारा तालुका साधारण निम्म्या स्पर्धांत सापडतो. तळाशी याच्या उलट चित्र असते. तिथे दोन-तीन विजय मिळालेला एखादा बिचारा तालुका असतोच.

आता मुलांना पहिल्या आलेल्या तालुक्याविषयी पाच ओळींची बातमी लिहायला सांगा. ‘वडवणीची विजयी घोडदौड’, ‘मोक्याच्या क्षणी केजने संयम राखला’, अशी वाक्ये आपोआप येतात. कारणे शोधण्यात आपले मन फार तरबेज असते. नाण्याच्या यशालाही ते कारण शोधून देते.

मग तीच स्पर्धा पुन्हा खेळा. पहिल्या वेळचा विजेता या वेळी कुठे आहे? तो पहिलाही येऊ शकतो आणि शेवटचाही. खूप वेळा प्रयोग केला, तर त्याचा क्रमांक सरासरीने मधोमध पडतो. कोणत्याही तक्त्याकडे पाहताना हा प्रयोग मनात ठेवावा. समोर दिसणारा फरक नुसत्या नाण्यांनीही पडला असता का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल, तरच पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

पुणेरी पलटणचा तक्ता

आता खऱ्या संघाकडे वळू. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ साली, पुणेरी पलटण हा संघ साखळीत पहिला आला. कर्णधार होता शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. स्पर्धेत बारा संघ होते आणि प्रत्येकाने साखळीत २२ सामने खेळले. पुण्याने १७ जिंकले, २ गमावले आणि ३ बरोबरीत सुटले. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पुण्याने विजेतेपदही मिळवले.

आपला पहिला प्रश्न विचारू. बरोबरीचे तीन सामने बाजूला ठेवले, तर १९ निकाली सामने उरतात. एक नाणे १९ वेळा उडवले, तर १७ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता किती? मोजले तर ती २७४५ मध्ये एक एवढी येते. संघ बारा आहेत, म्हणजे त्यांतल्या कोणत्या तरी एका नाण्याला असे यश मिळण्याची शक्यता सुमारे २३० मध्ये एक. तेव्हा पुण्याचे स्थान नुसत्या योगायोगाचे नव्हते, असे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो.

हीच कसोटी अंतिम फेरीतल्या दुसऱ्या संघाला लावू. हरियाणाने १३ सामने जिंकले, ८ गमावले आणि एक बरोबरीत सुटला. एक नाणे २१ वेळा उडवून १३ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक आहे. म्हणजे बारा नाण्यांची स्पर्धा घेतली, तर दोन-तीन नाणी सहज एवढे विजय मिळवतील. याचा अर्थ हरियाणाचा संघ सामान्य होता असा नाही. केवळ या आकड्यावरून तो सरस होता असे सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘सिद्ध होत नाही’ आणि ‘खोटे आहे’ या दोन गोष्टींत मुलांची नेहमी गल्लत होते. ती दूर करायला हे उदाहरण चांगले आहे.

जिंकले, पण कितीने?

विजय मोजण्यात एक मोठी उधळपट्टी आहे. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा. तीस सेकंदांची एक चढाई धरली, तर सामन्यात ऐंशीच्या आसपास चढाया होतात. प्रत्येक चढाई म्हणजे दोन्ही संघांची एक छोटी परीक्षाच. या ऐंशी परीक्षांतून मिळालेली सगळी माहिती आपण ‘जिंकला’ किंवा ‘हरला’ या एका शब्दात कोंबतो आणि बाकीची फेकून देतो. एका गुणाने मिळालेला विजय आणि वीस गुणांनी मिळालेला विजय तक्त्यात सारखेच दिसतात.

एका गुणाचा विजय कसा मिळतो? बोटाचे टोक लागले की नाही, पाय रेषेवर पडला की अलीकडे, अशा एखाद्या क्षणाने. हा क्षण दुसऱ्या बाजूला झुकला असता तर निकाल उलटला असता. म्हणून अटीतटीच्या सामन्यात नाण्याचा वाटा मोठा असतो. वीस गुणांचा फरक मात्र एका क्षणाने पडत नाही. तो चाळीस मिनिटे साठत जातो.

हे ओळखून तक्त्यात गुणफरकाचा एक रकाना असतो. स्वतः मिळवलेले एकूण गुण वजा प्रतिस्पर्ध्यांना दिलेले एकूण गुण, म्हणजे गुणफरक. त्या हंगामात पुण्याचा गुणफरक होता अधिक २५३. त्याला २२ ने भागले, तर दर सामन्यामागे साडेअकरा गुणांची आघाडी येते. दुसऱ्या क्रमांकाच्या जयपूर पिंक पँथर्सचा गुणफरक अधिक १४१, म्हणजे दर सामन्याला सुमारे साडेसहा. विजयांत पुणे जयपूरच्या फक्त एकाने पुढे होते, १७ आणि १६. गुणफरकात ते कितीतरी पुढे होते. हरियाणाचा गुणफरक मात्र उणे १३ होता! हरण्यापेक्षा अधिक सामने जिंकलेल्या या संघाने एकंदरीत मिळवले त्यापेक्षा जास्त गुण दिले होते.

हे कसे शक्य आहे? तक्त्यातच त्याचे उत्तर दडले आहे आणि ते शोधणे हे आठवी-नववीच्या मुलांसाठी छान कोडे आहे. त्या हंगामात विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला १ गुण मिळत असे. पुण्याचे एकूण गुण होते ९६. विजयांचे ८५ आणि बरोबरीचे ९ मिळून ९४ होतात. उरलेले २ गुण पराभवांतून आले. म्हणजे पुण्याचे दोन्ही पराभव सात किंवा त्याहून कमी गुणांचे होते. एकही सामना न पाहता हे आपल्याला कळले. हरियाणाचे एकूण गुण ७०. विजयांचे ६५ आणि बरोबरीचे ३ मिळून ६८, उरले २. पराभव तर ८ होते. म्हणजे त्यांतल्या सहा सामन्यांत हरियाणाचा संघ आठ किंवा अधिक गुणांनी हरला होता. पराभव मोठे, आणि विजय त्या मानाने लहान.

बेसबॉलमधला एक धडा

विजय आणि फरक यांतले नाते सर्वांत बारकाईने तपासले गेले ते अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे साखळीत प्रत्येक संघ तब्बल १६२ सामने खेळतो आणि सगळे आकडे जपून ठेवलेले असतात. बिल जेम्स या अभ्यासकाने एक साधे सूत्र सुचवले. काढलेल्या धावांचा वर्ग घ्या. दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागा. संघाने साधारण किती भाग सामने जिंकायला हवे होते, ते मिळते. वर्गांच्या बेरजेमुळे या सूत्राला पायथागोरसचे नाव चिकटले. त्रिकोणाशी त्याचा काही संबंध नाही.

२०१६ साली टेक्सास रेंजर्स हा संघ अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात पहिला आला. त्याने ९५ सामने जिंकले आणि ६७ गमावले. काढलेल्या धावा ७६५, दिलेल्या ७५७. फरक फक्त ८. सूत्र लावून पाहू. ७६५ चा वर्ग ५,८५,२२५ आणि ७५७ चा वर्ग ५,७३,०४९. बेरीज ११,५८,२७४. भागाकार ०.५०५ येतो आणि त्याला १६२ ने गुणले की सुमारे ८२. म्हणजे धावांच्या हिशेबाने ८२ विजय शोभणाऱ्या संघाने ९५ विजय मिळवले होते.

जास्तीचे तेरा विजय आले कुठून? एका धावेने सुटलेल्या सामन्यांतून. असे ४७ सामने झाले आणि त्यांतले ३६ रेंजर्सनी जिंकले. उरलेल्या ११५ सामन्यांत त्यांचा हिशेब ५९ विजय आणि ५६ पराभव, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा होता. हंगाम चालू असताना याचे वर्णन ‘दडपणाखाली डगमगत नाहीत’ असे करता आले असते. पुढे काय झाले? बाद फेरीत टोरांटोच्या संघाने त्यांना सलग तीन सामन्यांत हरवले. २०१७ साली त्यांचे ७८ विजय आणि ८४ पराभव झाले. अटीतटीचे सामने जिंकण्याची ती ‘हातोटी’ पुढच्या वर्षी त्यांच्या कामी आली नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. वर्गाचे हे सूत्र बेसबॉलचे आहे. ते जसेच्या तसे कबड्डीला लागू पडणार नाही. कबड्डीत गुण घोळक्याने येतात. गडी बाद होत गेले की पकड करायला माणसे कमी पडतात, त्यामुळे आणखी गडी बाद होतात आणि शेवटी लोण चढतो. लोणाचे दोन जादा गुण मिळतात. एक घसरण दुसरीला ओढते. त्यामुळे एखाद्या सामन्यातला गुणफरकही फसवा असू शकतो. वीस-बावीस सामन्यांच्या बेरजेवर मात्र बराच विसंबता येतो.

बळ कुठे साठले आहे?

संघ खरोखर बलवान आहे हे ठरल्यावर दुसरा प्रश्न येतो : हे बळ संघात पसरलेले आहे की एका जागी साठले आहे? पुणेरी पलटणमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायला मिळत होते.

चढाईत त्यांचे बळ पसरलेले होते. त्या हंगामात दिल्लीच्या अशू मलिकने आणि जयपूरच्या अर्जुन देशवालने चढाईत अडीचशेहून अधिक गुण मिळवले. पुण्याचा एकही चढाईपटू त्यांच्या जवळपास नव्हता. तरीही दोन्ही संघ पुण्याच्या मागे राहिले, कारण पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे गुण आणणारे अनेक जण होते. एकाची पकड झाली तर दुसरा होता. मुख्य चढाईपटू बाकावर बसला की सगळा संघ थंड पडतो, हे गावच्या मैदानावरही आपण पाहतो. पुण्याच्या बाबतीत हा धोका कमी होता. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि सामना शेवटी तीन गुणांनी सुटला.

पकडीत मात्र एक नाव इतरांच्या खूप वर होते. इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याने पकडीचे ९९ गुण मिळवले. हंगामात कोणत्याही संघाच्या बचावपटूला एवढे मिळाले नाहीत. विजयाच्या वर्षी हे बलस्थानच होते. पण जे बळ एका माणसात साठलेले असते, ते त्या माणसाबरोबर निघूनही जाते. याच अर्थाने मोठे बलस्थान हीच मोठी उणीव ठरू शकते. विजेत्या संघाच्या उणिवा शोधायच्या असतील, तर ‘हा संघ कुठे हरला?’ एवढेच विचारून भागत नाही, कारण हरण्याचे प्रसंग फार थोडे असतात. ‘कोणता एक खांब काढला तर छप्पर खाली येईल?’ असे विचारावे लागते.

पुढच्या वर्षी

ऑगस्ट २०२४ मध्ये लिलाव झाला. २०२३ च्या लिलावात पुण्याने शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले होते. या वेळी हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. हंगाम चालू असताना अस्लम इनामदारच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. गतविजेत्या पुणेरी पलटणला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. हरियाणाचा संघ साखळीत पहिला आला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पाटणा पायरेट्सला ३२–२३ असे हरवून विजेता ठरला. पुढे २०२५ च्या हंगामात पुणे पुन्हा साखळीत पहिले आले. १८ सामन्यांत १३ विजय मिळवून पुणे आणि दबंग दिल्ली यांचे गुण सारखे झाले होते; पुणे गुणफरकावर वर राहिले. अंतिम सामना मात्र दिल्लीने ३१–२८ असा जिंकला.

पहिला, मग सहांच्या बाहेर, मग पुन्हा पहिला. इतके चढउतार कशाने? लिलाव आणि दुखापत ही खरी कारणे आहेत आणि ती नाकारायची गरज नाही. पण त्यांच्या जोडीला एक कारण नेहमीच हजर असते आणि त्याचे नाव बातमीत येत नाही. पहिल्या आलेल्या संघाकडे बहुधा दोन गोष्टी असतात : चांगला खेळ आणि चांगले नशीब. नुसत्या चांगल्या खेळावर तो दुसरा-तिसरा आला असता. त्यात नशिबाची भर पडली म्हणून पहिला आला. पुढच्या वर्षी खेळ टिकतो, नशीब टिकेलच असे नाही. तेव्हा काहीही बिघडलेले नसताना संघ थोडा खाली सरकतो. तळाचा संघ याच नियमाने काही सुधारणा न करता थोडा वर येतो.

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये ही गोष्ट माणसांच्या उंचीत दाखवली. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाहीत. फार ठेंगण्या आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी उंच असतात. याला मध्याकडे परतणे म्हणतात. ही कोणतीही ओढ किंवा शक्ती नव्हे. टोकाची गोष्ट घडायला अनेक अनुकूल गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि त्या पुन्हा पुन्हा एकत्र येत नाहीत, एवढेच.

एका सामन्याची किंमत

पुणेरी पलटणने २०२२, २०२४ आणि २०२५ असे तीन अंतिम सामने खेळले. पहिल्यात जयपूरने त्यांना ३३–२९ असे हरवले, दुसरा त्यांनी २८–२५ असा जिंकला, तिसरा २८–३१ असा गमावला. फरक चार, तीन आणि तीन गुणांचे. पण एक अंतिम सामना ‘विजेतेपद’ म्हणून लक्षात राहतो आणि बाकीचे दोन ‘पराभव’ म्हणून.

समजा, एखादा संघ इतका बलवान आहे की दहांपैकी सात सामने तो जिंकेल. उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने तो जिंकण्याची शक्यता किती? ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. निम्म्याहूनही कमी! स्पर्धेतला सर्वांत चांगला संघ विजेता न होणे हे विजेता होण्याइतकेच स्वाभाविक आहे. बाद फेरी प्रेक्षकांना आवडते ती यामुळेच. बळ मोजायला मात्र लांबलचक साखळी बरी.

वर्गात याचे काय?

शाळेत आपण सतत तक्ते बनवतो. तालुक्याच्या संघासाठी मुलांची निवड एका दुपारच्या चाचणीवर होते. त्या दुपारी ज्या मुलीच्या दोन चढाया फसल्या, तिचे नाव यादीतून गळते आणि कदाचित तिचे मैदानच सुटते. दोन चढाया म्हणजे दोन नाणेफेकी. शक्य असेल तिथे चाचणी तीन-चार दिवसांत विभागून घ्यावी, प्रत्येकीला वीस-पंचवीस चढाया मिळाव्यात आणि सगळ्यांची नोंद वहीत ठेवावी. याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेची आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्राएलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवत असताना एका प्रशिक्षकाने त्यांना सांगितले, की उत्तम उड्डाण केलेल्याची स्तुती केली तर पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाण केलेल्याला झापले तर पुढचे सुधारते. म्हणून झापणेच बरे. कानेमन यांच्या लक्षात आले, की स्तुती आणि झापणे यांपैकी काहीही केले नसते तरी हेच दिसले असते. फार चांगल्यानंतरचे उड्डाण बहुधा थोडे कमी चांगले होते आणि फार वाईटानंतरचे थोडे बरे. चाचणीत अचानक कमी गुण पडलेल्या मुलाला आपण रागावतो, पुढच्या चाचणीत त्याचे गुण वाढतात आणि रागावण्याचे श्रेय आपण घेतो. ते श्रेय बऱ्याचदा मध्याकडे परतण्याचे असते.

तिसरी गोष्ट शाळांच्या क्रमवारीची. ज्या शाळेत परीक्षेला आठच मुले बसली, तिचा निकाल सहज शंभर टक्के लागतो, आणि दोन मुले आजारी पडली तर पंच्याहत्तरवर येतो. दोनशे मुलांच्या शाळेत इतकी उडी एका वर्षात सहसा पडत नाही. त्यामुळे कोणत्याही यादीच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला लहान शाळा जास्त सापडतात. त्यांचे शिक्षक फार चांगले किंवा फार वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांची नाणेफेक थोड्या नाण्यांची असते म्हणून. अशा शाळेच्या शिक्षकाला सत्कार किंवा ताकीद देण्यापूर्वी चार-पाच वर्षांचे निकाल एकत्र करून पाहायला हवेत.

यंदा तुमच्या शाळेचा संघ जे सामने खेळेल, त्या सर्वांचे गुण मुलांना एका तक्त्यावर लिहून ठेवायला सांगा. कोण जिंकले एवढेच नको. कितीने जिंकले, चढाईचे गुण किती, पकडीचे किती, लोण किती, हेही लिहावे. हंगामाच्या शेवटी विषम क्रमांकांच्या सामन्यांतले विजय आणि गुणफरक एका बाजूला घ्या, सम क्रमांकांच्या सामन्यांतले दुसऱ्या बाजूला. तालुक्यातल्या सात-आठ शाळांनी असे तक्ते जमवले, तर पहिल्या अर्ध्या सामन्यांवरून दुसऱ्या अर्ध्यांचा अंदाज विजयांनी जास्त चांगला येतो की गुणफरकाने, हे मुलांना स्वतःच पडताळून पाहता येईल.